दोनपेक्षा कमी

नाकदोंग नदीकाठच्या इस्पितळात हे-रान बावीस वर्षं रक्त तपासत होती. तिचा थोरला भाऊ ताए-ग्यु मासेमारी करायचा आणि नदीतला मासा कच्चाच, तिखट चटणीत बुडवून हाणायचा. त्याच माशातल्या कृमींमुळे वडिलांना पित्तनळीत कर्करोगाची गाठ झाली, त्यातच ते गेले, तरी या गड्याची जीभ काही ताळ्यावर आली नाही. वहिनी दरवर्षी स्कॅनसाठी मागे लागायची आणि हा टाळायचा. शेवटी हे-राननेच मधला मार्ग काढला. दर शरदात ती स्वतः त्याचं रक्त काढायची आणि गाठ असली की वाढणारा प्रथिनाचा मार्कर तपासायची.

मार्करचा आकडा सदतीसपर्यंत असला की ठीक. ताए-ग्युचा आकडा सलग आठ वर्षं दोनपेक्षा कमी आला. इतके मासे हादडूनही तुझं रक्त मठातल्या भिक्षूसारखं कसं, असं ती त्याला फोनवर चिडवायची.

यंदा त्याचे डोळे पिवळे झाले. स्कॅनमध्ये गाठ दिसली, यकृतभर पसरलेली. हे-रानने हट्टाने पुन्हा मार्कर तपासला. आकडा तोच, दोनपेक्षा कमी.

काही माणसांच्या अंगात हा मार्कर तयारच होत नाही. गाठ केवढीही असो, आकडा तळाशीच राहतो. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. परक्यांच्या रिपोर्टवर तिने तसा शेरा कितीदा मारला होता. भावाचा आकडा पाहून मात्र ती नुसती हरखून जायची. आता तिला स्वतःचीच किळस आली.

वहिनी पेज गरम करायला गेली तेव्हा हे-रानने भावाला सगळं सांगून टाकलं.

"दादा, ते आकडे काही कामाचे नव्हते. मला कळायला हवं होतं."

ताए-ग्युने दाराकडे नजर टाकली.

"मी तेच आकडे दाखवून हिचं तोंड बंद करायचो," तो म्हणाला. "हिला सांगू नकोस."

"सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही."

"मग मी गेल्यावर हिने कुणाकडे जायचं? तुझ्याशिवाय तिला आहे कोण?"

वहिनी पेज घेऊन आली. तिने पहिला वाडगा हे-रानच्या हातात ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"खा गं. आठ वर्षं तू बघत होतीस, म्हणून मला रात्री झोप तरी लागायची."

भावाने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. हे-रानने चमचा उचलला आणि ती मुकाट्याने पेज गिळायला लागली.