परत असं करणार नाही

वॉर्डात तिला सगळे ठसका म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘सिस्टर’. तिचं बोलणं ऐकून समोरच्याला एकदा तरी ठसका लागायचा म्हणून हे नाव पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पण आज मेट्रनबाईंच्या खोलीत ती उभी होती आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली की माणूस आरडाओरडा करतो म्हणतात. तिची वाचाच बसली होती.

तिच्यावर तक्रार झाली होती. कोपऱ्यातल्या खोलीतल्या शिंपीकाकांच्या मुलाने थेट मोठ्या साहेबांकडे जाऊन सांगितलं होतं, की या नर्सने माझ्या वडिलांच्या बरगड्या मोडल्या. बूट घालून पलंगावर चढली. माझी आई रडत होती, तिला कोपराने ढकललं.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पंचाईत होती ती हीच.

झालं होतं असं. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, त्या खोलीत भिंतीवरच्या टीव्हीवर काकूंची हॉस्पिटलची मालिका लागली होती. काका डोळे मिटून पडले होते. ठसका सलाईन बघायला म्हणून आत आली आणि तिची नजर काकांच्या चेहऱ्यावर गेली. तिने हाक मारली, खांदे हलवले, मानेपाशी बोटं लावली. नाडी नव्हती. तिने बेल दाबली, वॉर्डबॉयला ओरडून डॉक्टरला बोलवायला आणि शॉकचं यंत्र आणायला पिटाळलं. यंत्र नेमकं खालच्या मजल्यावर नेलेलं. पलंग उंच आणि ही बुटकी, हात पुरेनात. तशी ती गुडघे टेकून वर चढली, दोन्ही तळवे काकांच्या छातीच्या मध्यावर रोवले आणि अंगातलं सगळं वजन घालून दाबायला लागली. हाताखाली कटकन आवाज झाला. ती थांबली नाही.

काकूंनी किंकाळी फोडली. “मारते हो मारते! ह्यांना मारते!”

काकूंना असं का वाटावं? त्याला कारण होतं आणि ते भिंतीवर बोलत होतं. त्या मालिकेत एक नर्स कुणाकडून तरी लाच खाऊन एका श्रीमंत म्हाताऱ्याची ऑक्सिजनची नळी काढायला टपली होती. काकू रोज तिला शिव्या घालायच्या. त्या मालिकेत नर्सा दोनच तऱ्हेच्या. एक ही, दबक्या पावलांनी फिरणारी. दुसरी, हातात ट्रे धरून दारात उभी राहणारी आणि “डॉक्टर, लवकर या!” एवढंच म्हणणारी. बाकी सगळं डॉक्टर करतो. रक्त तोच काढतो, सलाईन तोच लावतो, स्ट्रेचर तोच ढकलतो, उशाशी जागतोही तोच, आणि एवढं करून प्रेमात पडायलाही त्याला वेळ मिळतो. मग पेशंटला भांडं कोण देतं? पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस कोण बदलतं? उलटी कुणाच्या अंगावर होते? कुणाच्याच नाही, कारण तिथले पेशंट उलटी करत नाहीत. त्यांचे केससुद्धा विस्कटत नाहीत. हृदय बंद पडलं तर देखणा डॉक्टर धावत येतो, दोन इस्त्र्या छातीला टेकवतो, आणि पेशंट डोळे उघडून मुलीचं नाव घेतो. मध्ये कुणी छाती दाबलीच, तर ती अशी, की पीठ मळतानाही बाई याहून जास्त जोर लावते.

तर काकूंनी मालिकेतून जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं. त्यांनी ठसकाचा एप्रन धरला आणि तिला पलंगावरून खाली ओढायला लागल्या. दोन हात कामात, बोलायला श्वास नाही, मग उरलं काय? कोपर. तिने ते वापरलं.

काही वेळाने डॉक्टर धापा टाकत आला, मागोमाग यंत्र आलं. त्याने एक शॉक दिला आणि नाडी लागली. नेमका तेव्हाच मुलगा दारात पोचला. त्याला दिसलं ते एवढंच: डॉक्टर, यंत्र, धक्का, आणि हललेले वडील. अगदी टीव्हीसारखं. कोपऱ्यात घामाने निथळणारी, केस सुटलेली एक नर्स भिंतीला टेकून हातांच्या मुठी उघडझाप करत होती. ती घाबरली असणार, असं तो धरून चालला. त्याने डॉक्टरचे दोन्ही हात धरले.

“तुम्ही होतात म्हणून वाचले.”

“अहो, आमचं कामच आहे ते,” डॉक्टर म्हणाला.

आमचं! ठसकाला ते ऐकू आलं होतं. तेव्हा तिने सोडून दिलं होतं, कारण काकांना अतिदक्षता विभागात हलवायची घाई होती. आता काका तिथून बरे होऊन परत आले होते, उद्या घरी जाणार होते, आणि मेट्रनबाई तिला समजावत होत्या.

“दोन शब्द बोल आणि विषय संपव. ‘चूक झाली, परत असं करणार नाही.’ बास. नाहीतर साहेब तुला चादरींच्या कोठीत टाकायचं म्हणताहेत.”

“मॅडम, नीट दाबलं की म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. तुम्ही तरी सांगा त्यांना.”

“अगं, माझ्याही हाताखाली मोडल्यात. पण लोक टीव्ही बघून आलेले असतात. त्यांच्याशी कोण डोकं लावणार?”

ठसका घरी गेली तर तिथेही तीच मालिका. सासूबाई पाय पसरून बघत होत्या.

“ही बघ, नुसती ट्रे धरून उभी असते,” त्या म्हणाल्या. “तुझीच पाठ कशी गं रोज दुखते?”

एरवी तिने असं उत्तर दिलं असतं, की सासूबाई दोन दिवस बोलल्या नसत्या. आज ती सरळ सोफ्यावर आडवी झाली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. घरात कुणी मेलं तरी त्या आवाज कमी करतील याची खात्री नव्हती, म्हणून ठसका उठून बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाई ऐकून म्हणाल्या, “मग माफी मागून टाक. बोलायला काय पैसे पडतात?”

ठसकाने पुष्कळ विचार केला. कोठीत दिवसभर मळक्या चादरी घ्यायच्या आणि धुतलेल्या द्यायच्या. चादर ‘सिस्टर, जरा पाणी’ म्हणत नाही. बरी होऊन, शिव्या देत का होईना, घरी जात नाही. वॉर्ड सुटला तर आपण जगू, पण वाळून जाऊ, हे तिला ठाऊक होतं. दोन शब्दच तर होते. आवंढ्याबरोबर गिळून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाई तिला घेऊन काकांच्या खोलीत गेल्या. काका उशीला टेकून बसले होते, छातीवर हात धरून. काकू खुर्चीत होत्या. मुलगा हाताची घडी घालून खिडकीपाशी उभा. डॉक्टर घरी सोडण्याचे कागद घेऊन आलेला, तो कागदातून मान वर काढत नव्हता.

ठसका पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

“चूक झाली,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“आणि?” मुलगा म्हणाला. “परत असं करणार नाही म्हणा. उद्या आणखी कुणाच्या बापावर चढाल.”

ठसकाने तोंड उघडलं. समोर काका होते. सुरकुतलेली मान, तिच्यावर हलणारी शीर. तिथेच तिने बोटं लावली होती आणि तिथे काहीच नव्हतं.

“हे नाही म्हणता येणार,” ती म्हणाली.

“सिस्टर!” मेट्रनबाई दटावून म्हणाल्या.

“नाही मॅडम. चूक झाली म्हणाले, खोटं बोलले, पचवलं. पण हे नाही. यांचं आत्ता थांबलं तर मी आत्ता चढेन. बूट काढत बसणार नाही. उरलेल्या बरगड्याही मोडतील. आणि तुम्ही ओढलंत ना काकू, तर तुम्हालाही परत ढकलीन. पाठवा मला कोठीत!” तिचे डोळे भरून आले, आणि रागाने रडू यावं याचाच तिला जास्त राग आला.

“बघितलंत?” मुलगा डॉक्टरकडे वळला. “तुम्ही वाचवलेल्या माणसासमोर ही भाषा.”

डॉक्टरने हातातला कागद उलटला. बोलले ते काका. एवढा वेळ त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

“डॉक्टर, तुम्ही खोलीत येईपर्यंत माझं काय चाललं होतं?”

डॉक्टरचा चेहरा लाल झाला. “लिफ्ट बंद होती, काका. मी जिन्यात होतो.”

“ते तुमचं झालं. मी माझं विचारतोय.”

“तुमचं हृदय बंद होतं. सिस्टर बाहेरून चालवत होत्या. त्यांनी ते केलं नसतं, तर माझ्या यंत्राचा काही उपयोग नव्हता.” मग खाली बघत तो म्हणाला, “मी हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” ठसका म्हणाली.

काकांनी छाती धरून मुलाकडे मान वळवली. “खाली जा आणि तक्रार मागे घे.”

“बाबा, पण बोलायची काही पद्धत असते...”

“ती मी घरी शिकवतो तुला. जा.”

मुलगा पाय आपटत गेला. त्याच्या मागे डॉक्टरही सटकला. मेट्रनबाईंनी ठसकाच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. तिचा राग अजून उतरला नव्हता आणि कुणाच्या पाठ थोपटण्याने तो उतरणारही नव्हता. ती दाराकडे वळली.

“सिस्टर,” काकू खुर्चीतून उठल्या. आवाज इतका बारीक, की आधी ऐकूच आला नाही. “घरी आम्ही दोघंच असतो हो. मुलगा कामावर. घरी थांबलं तर... मी कुठं दाबू?”

विचारा ना तुमच्या मालिकेतल्या डॉक्टरला! अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण काकूंनी दोन्ही हात पुढे केले होते. ठसकाने ते आपल्या हातात घेतले, एकावर एक ठेवले, पलंगावरची उशी ओढली आणि त्यांच्या तळव्यांखाली सरकवली.

“इथे,” ती म्हणाली. “मध्यावर. जोरात, काकू. याहून जोरात.”