माईकला श्वास द्यायचा नाही

बुद्धभूषणला गाता येत नव्हतं, म्हणून तो गाणाऱ्यांना गुण देत बसायचा. हे त्याच्या बायकोचं, मेघनाचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दिवसभर बारामतीत वीज कंपनीच्या कार्यालयात मीटरच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी जळोचीच्या घरी गच्चीवरच्या खोलीत दार लावून अल्बम ऐकायचे, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. स्विंग, सोल आणि पॉप, तिन्ही प्रकार त्याला सारखेच प्यारे. ठेक्याच्या जरा मागून झुलत येणारं स्विंग, पोटातून उमळून येणारं सोल आणि एकदा कानात शिरलं की दोन दिवस निघत नाही ते पॉप, असं तो आपल्या 'कान देऊन' या वेबपानावर मराठीत समजावून सांगायचा. नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत त्याचे वाचक होते. ऑफिसातले मात्र "साहेबांचं इंग्रजी भजन" म्हणून खेचायचे.

एक गोष्ट खरी, माणूस कष्टाळू होता. अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय एक शब्द लिहायचा नाही, असा त्याचा नियम होता आणि तो त्यानं पानावर मोठ्या अक्षरांत टाकलेलाही होता. एकदा हेडफोन लावून. एकदा गाडीत, काटेवाडीच्या पुढं इंदापूरच्या रस्त्याला. आणि एकदा घरात भाजी निवडताना, लक्ष नसताना. लक्ष नसतानाही जे गाणं हात थांबवतं ते खरं, असं तो म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याची फजिती झाली. एका सोल गायिकेच्या आवाजावर तो इतका लुब्ध झाला की 'या मुलीनं आयुष्यात फार सोसलंय' असं लिहून मोकळा झाला. पुढं कळलं की मुलगी नव्हतीच. आवाज संगणकानं तयार केलेला होता आणि सोसलं असेल तर वीजबिल भरणाऱ्यानं. वाचकांनी महिनाभर त्याची सालटी काढली. बुद्धभूषण वरवर हसला, पण आत कुठंतरी दात धरून बसला.

अशात 'नऊ वळणं' नावाचा अल्बम त्याच्याकडं आला. मुखपृष्ठावर नुसतं 'रश्मी' एवढंच. आडनाव नाही, गाव नाही, फोटोऐवजी चित्र. तीन गाणी स्विंगची, तीन सोलची, तीन पॉपची, आणि सगळी मराठीत. पहिलंच गाणं ऐकताना तो खुर्चीत सरळ होऊन बसला. ठेका पुढं निघून जातोय आणि बाई निवांत मागून येतेय, जणू बसस्टँडवर गाडी आपल्यासाठी थांबणारच आहे. इतकं चांगलं? मराठीत? कुणी नाव न ऐकलेली बाई? तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं गाणं संगणकावर चढवलं आणि पडद्यावर आवाजाची रेघ बघितली. दोन ओळींच्या मध्ये जिथं गाणारा श्वास घेतो, तिथं रेघ एकदम सपाट. दुसरं गाणं बघितलं, पाचवं, नववं. सगळीकडं तेच. पानाचं नाव 'कान देऊन', पण त्या दिवशी गड्यानं कान ठेवले बाजूला आणि डोळ्यांनी गाणं ऐकलं. सापडला चोर, असं त्याला वाटलं. गाडीत ऐकायचं राहिलं, भाजी निवडताना ऐकायचं राहिलं. तासाभरात त्यानं परीक्षण लिहिलं: 'या आवाजाला फुप्फुसं नाहीत. चाळीस मिनिटांत एकदाही श्वास न घेणारी गायिका एकतर मेलेली असते, नाहीतर जन्मलेलीच नसते.'

हे वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं. लोकांनाही आवडलं. चाळीस हजार जणांनी ते वाचलं आणि परीक्षण न वाचता नुसतं वाक्य पुढं ढकलणारे वेगळेच.

दोन आठवड्यांनी रविवारी तो शेळगावला आईकडं गेला. त्याचे वडील गंगाराम, म्हणजे आबा, यांची तीस वर्षं गायन पार्टी होती. भीमजयंती म्हटलं की इंदापूर तालुक्यातल्या दहा गावांतून बोलावणं यायचं. आई, तुळसाबाई, पार्टीतल्या कोरसच्या बायकांची पुढारी. गंगाराम जाऊन चार वर्षं झाली, पेटी आणि ढोलकी पुतण्यानं नेली. तुळसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि शेजारी फोनवर गाणं चालू होतं. बुद्धभूषणनं चप्पल काढता काढता ते ओळखलं. 'नऊ वळणं', गाणं चौथं.

"ऐकलंस का रं भूषण? आपल्या रश्मीची गाणी आल्यात," तुळसाबाई म्हणाल्या.

"कोण रश्मी?"

"सारजाची नात. आपल्या पार्टीत कोरसला व्हती न्हवं का, दोन वेण्यांची. आता इंदापुरात शाळेवर गाणं शिकवती. पुण्याची पोरं घिऊन केलं म्हनं तिनं ह्ये." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मला त्यातली चाल काय कळत न्हाय, पर गळा बघ कसा तयार हाय. आन् कुठं श्वास ऐकू येतोय का, सांग."

बुद्धभूषणनं विचारलं, "का येत नाही, आई?"

"आता ह्ये तू मला इचारतोस?" तुळसाबाई हसल्या. "एक माईक आन् आमी पाच जणी. एकीचा श्वास दुसरीच्या ओळीत शिरला की झालं वाटुळं. ओळ सपली की मान वळवायची, नाकानं श्वास घ्यायचा, मग माईकवर यायचं. माईकला श्वास द्यायचा न्हाय. त्या पोरीला म्या सा महिनं ह्येच शिकिवलं. तुला जमलं न्हाय म्हणून तर आबांनी तुला कोरसातनं काढला."

तो ओट्याच्या कडेला बसला. चाळीस हजारांतल्या कुणालाही ही गोष्ट माहीत नसती तर चाललं असतं. पुण्याच्या समीक्षकाला माहीत नसती तरी चाललं असतं. त्याला माहीत होती. नवव्या वर्षी भीमजयंतीच्या मांडवात, त्याच माईकपुढं उभं राहून त्यानं यावरून मार खाल्ला होता.

"तू लिहितोस न्हवं गाण्यावर?" तुळसाबाई म्हणाल्या. "तिच्यावर लिही की दोन शब्द. पोरीला बरं वाटंल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शेंगांचा ढीग होता, आई होती, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. पण बुद्धभूषण "लिहितो" म्हणाला आणि जेवून निघाला.

घरी येऊन त्यानं शोधाशोध केली तेव्हा पुढचं कळलं. पुण्यातल्या नव्या गायकांच्या एका महोत्सवाच्या यादीत 'रश्मी, शिक्षिका, इंदापूर' असं नाव होतं, ते काढलं गेलं होतं. काढताना आयोजकांनी कारण म्हणून त्याचंच फुप्फुसांचं वाक्य टाकलं होतं. खाली लोकांचे शेरे, एकाहून एक. 'मास्तरीण आहे की मशीन?' शाळेतल्या पालकांपर्यंत ते गेलं होतं.

मग त्यानं खुलासा टाकला. काय खुलासा म्हणावा? दुसऱ्याच एका परीक्षणाच्या बुडाशी चार ओळी: 'सदर अल्बमबाबत काही माहिती नव्याने प्राप्त झाली असून वाचकांनी नोंद घ्यावी.' वीजपुरवठा खंडित होण्याच्या नोटिशीची भाषा. दोनशे लोकांनी ते वाचलं आणि एकालाही काही समजलं नाही. लिहिणाऱ्याला समजू द्यायचंच नव्हतं. चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि इंदापूर गाठलं.

मधल्या सुट्टीत रश्मी शाळेच्या व्हरांड्यात आली. तिशीची, शांत, हाताला खडू लागलेला. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"दादा, तुमी? काकू बऱ्या हाईत ना?"

"बरी आहे." तो म्हणाला. "रश्मी, ते मी लिहिलं."

"माहितीय मला."

"आईला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू काकूंना? त्यांनी शिकवलेलं कुणाला तरी मशीन वाटलं म्हणून? आणि ते त्यांच्याच पोराला वाटलं म्हणून?" ती रागावून बोलत नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "आडनाव, गाव मुद्दामच घातलं नव्हतं, दादा. ओळखीमुळं चांगलं लिहाल अशी भीती वाटली. तुमी तीनदा ऐकता ना, पानावर लिहिलंय तसं? म्हणून सगळ्यात पहिलं तुमालाच पाठवलं."

मुलांचा घोळका पळत आला, तशी बुद्धभूषणनं बाजूला होऊन वाट दिली.

"किती वेळा ऐकलंत?" तिनं विचारलं.

"एकदाच."

तिनं मान हलवली. घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

त्या संध्याकाळी त्यानं खरं लिहिलं. काही झाकलं नाही: पडद्यावरची रेघ, मोडलेला नियम, आधीच्या फजितीचा राग, आईची शिकवण, सगळं नावानिशी. जुन्या परीक्षणाच्या डोक्यावर ते चिकटवलं. वाचक कमी झाले, शिव्या वाढल्या, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. महोत्सवाची तारीख निघून गेली होती. पण महिन्याभरानं बारामतीतल्याच एका संस्थेनं रश्मीचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा त्याला वाटलं की चला, झालं गेलं निस्तरलं. आईला मात्र त्यानं अजून सांगितलं नव्हतं. ती वेबपान वाचत नाही, हे त्याच्या पथ्यावर पडलं होतं. कार्यक्रमाला तो तिला गाडीत घालून घेऊन आला, पुढून तिसऱ्या रांगेत बसवलं.

सभागृह भरलं होतं. निवेदकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आजचा आवाज शंभर टक्के खरा, आपल्या डोळ्यांदेखत." लोक हसले. रश्मी आली, मागं पुण्याची पोरं वाद्यं घेऊन. पहिलं गाणं स्विंगचं. ठेका सुरू झाला. ती माईकच्या अगदी जवळ गेली आणि पहिल्या ओळीआधी तिनं श्वास घेतला. मोठ्यानं, माईकवर, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या ओळीआधी पुन्हा. तिसऱ्या ओळीआधी पुन्हा. मान एकदाही वळली नाही. ठेक्याच्या मागून झुलत येण्याची तिची सगळी गंमत गेली होती, कारण दर ओळीला आधी आपण जिवंत आहोत हे दाखवायचं आणि मग गायचं, इतकी कामं एका ठेक्यात मावत नव्हती.

तुळसाबाई पुढं वाकल्या. दर श्वासाला त्यांची स्वतःची मान थोडी बाजूला वळत होती, कुणी न सांगता.

"आरं, ह्ये काय करतीया ही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "असं न्हवतं तिचं. कुणी बिघडवलं हिला?"

बुद्धभूषणला वाटलं, गाणं संपू दे, मग सांगू. घरी जाताना गाडीत सांगू. मग त्याला कळलं की हे असंच चालू राहील.

"मी, आई," तो म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. तिथंच, कानाशी लागून, सगळं. ओट्यावर तो "लिहितो" म्हणाला तेव्हा लिहून झालेलं होतं, हेही सांगितलं. तुळसाबाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. दुसरं गाणं सुरू झालं होतं.

"चल, आपण निघू या का?" त्यानं विचारलं.

"गप बस," तुळसाबाई म्हणाल्या. "ती गाती हाय. शेवटपतूर बस आन् ऐक."

अजून सात गाणी बाकी होती.