पाखऱ्याचा थांबा

पाखऱ्या बैल शिस्तीचा होता. पिंपळे गुरवात तेवढी शिस्त दुसऱ्या कुणाला नव्हती, त्याच्या मालकाला तर मुळीच नव्हती. भाजी विकून परतताना दिवस कलला की पाखऱ्या कासारवाडीच्या अलीकडे दत्तोबाच्या गुत्त्यासमोर आपसूक थांबे. सोपानराव छकड्यातून उतरून आत जात. पाखऱ्या डोळे मिटून रवंथ करी. मग दत्तोबा आणि आणखी कुणी एक सोपानरावांना हातापायाला धरून आणत आणि छकड्यात टाकत. फळ्यांवर धप्प वाजलं की पाखऱ्या निघे, तो थेट घरच्या गव्हाणीशी. पिंपरीतल्या कंपन्यांचे भोंगे मागेपुढे होत, पाखऱ्या नाही. सकाळी गुत्ता बंद असे, म्हणून भाजी तरी बाजारात पोचे.

शेवटी सोपानरावांच्या बायकोने, शालनबाईंनी, ट्रंक भरली.

"बैलानं आणायचं आन् म्या उतरवायचं," त्या म्हणाल्या. "बैलाला निदान पेंड मिळती. मी चालले तळेगावला, म्हायेरी. पिणं सुटलं तर बोलवा. पर तुमच्या तोंडचं खरं मानायची न्हाई मी. तुमी पवनेत मगरीवर बसल्यालं सांगणारं माणूस."

सोपानरावांनी ती मगर चावडीवर इतक्यांदा सांगितली होती की तिची लांबी दर शिमग्याला हातभर वाढे.

घर ओस पडलं. चूल पेटवताना सोपानरावांच्या अर्ध्या मिशा गेल्या, तेव्हा त्यांनी ठरवलं, की आता दारू सुटलीच पाहिजे. बाजारात मेथी घ्यायला येणारे श्रीपाद जोगळेकर एका कंपनीत डिझाइन विभागात होते. एके काळी तेही चांगले बुडालेले. ते म्हणाले, "दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पिंपरीत शाळेच्या एका वर्गात बसतो. सगळे एकाच रोगाचे. या."

गुरुवारी सोपानराव धुतलेलं धोतर नेसून निघाले. दत्तोबाचा गुत्ता आला. पाखऱ्या थांबला. चुचकारलं, शेपूट पिरगाळलं, पण बैल खुंट्यासारखा उभा. पुढच्या गुरुवारी बसने गेले, तर बसचा थांबाही नेमका तिथेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी पायी निघाले, पण पाय पाखऱ्याचेच चेले निघाले.

"साहेब, मी यायला तयार हाय," सोपानराव मेथीची जुडी पुढे करत म्हणाले. "बैल येऊ देत न्हाई."

"लोक बायकोचं नाव घेतात, साहेबाचं घेतात," जोगळेकर म्हणाले. "बैलाचं पहिल्यांदाच ऐकतोय. बरं, तो थांबतो तिथे आम्हीच येतो."

आणि खरंच आले की. चार माणसं, चार सायकली. गुत्त्याच्या पत्र्याच्या पडवीत बाकडी ओढून बसली.

दत्तोबा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "माझ्याच दारात माझं गिऱ्हाईक फोडता व्हय, साहेब?"

"चहा मिळेल का, दत्तोबा?"

"इथं चहा?" दत्तोबाला हा अपमान वाटला. पण पाचही जण सबंध संध्याकाळ कोरडे बसून राहिले. धंदा तो धंदा. पुढल्या गुरुवारी त्याने स्टोव्ह आणला.

सोपानरावांनी बोलायची पाळी आली की मगर काढावी आणि जोगळेकरांनी म्हणावं, "मगर राहू द्या. तुमचं सांगा." असं बरेच गुरुवार चाललं. या दिवसांत सोपानराव प्यायले नाहीत. गावाला मात्र छकडा गुत्त्यासमोर दिसे, मग कोण विश्वास ठेवणार?

एके दिवशी शेजारच्या मंजुळाबाईंकडून तळेगावला निरोप गेला, की पिणं सुटलंय, या. शालनबाई न कळवता लोकलने कासारवाडीला उतरल्या. नेमका गुरुवार. स्टेशनातून बाहेर पडून चालू लागल्या आणि समोर गुत्ता, गुत्त्यापुढे छकडा, छकड्याला पाखऱ्या.

त्या तशाच मागे वळल्या. एवढ्यात पत्र्याआडून आवाज आला.

"पवनेत मगर न्हवती. म्हैस व्हती, आन् तिनंबी पाडलं मला." पडवीत कुणीतरी खोकलं. "आन् ह्यो बैल. मी समद्यांना सांगत आलो, बैल थांबतो म्हणून पितो. बैल न्हाई थांबला. बायको तापानं फणफणली व्हती, मी औषधाला निघालो व्हतो, आन् हितं म्या कासरा वढला. त्यो म्होरं बघत व्हता. मीच वढला. मग रोज वढला, तवा कुठं त्याला सवय लागली."

शालनबाई पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सोपानराव उठले ते पुन्हा बसले.

"त्वांड इकडं करा."

त्यांनी केलं. शालनबाईंनी वास घेतला.

"चहा हाय."

"व्हय."

"साखर लई घालतो मेला," त्या दत्तोबाकडे पाहत म्हणाल्या आणि ट्रंक छकड्यात ठेवली.

दोघं बसली. सोपानरावांनी कासरा हलवला. पाखऱ्या हलेना. जोगळेकरांनी मागून ढकलून पाहिलं. बैल कान टवकारून कशाची तरी वाट बघत होता. दत्तोबाला उमगलं, पण सांगायला त्याची जीभ रेटेना.

सोपानरावांनी सुस्कारा सोडला, फळीवर उभे राहिले आणि होते तसे आडवे पडले. धप्प.

पाखऱ्या निघाला. पिंपळे गुरवच्या वेशीवर पारावरचे लोक उठून बघू लागले. लक्ष्मणराव पाटील हसत म्हणाले, "आज तर वहिनींनाच ह्यांना उचलून आणावं लागलं वाटतं."

सोपानराव उठू लागले. शालनबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"पडून ऱ्हावा गप. उठला तर बैल थांबंल."