काटा थांबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. लगेच नाक मुरडू नका! भाजीबाजारातला तो दणकट तराजू वेगळा आणि मी वेगळा. मी औषधांच्या दुकानातला. तळहाताएवढी दोन पितळी पारडी, मधोमध बारीक काटा आणि खाली लाकडी खोका. खोक्याच्या खणात चिमट्यानेच उचलायची इवली इवली वजनं. कोणी जवळ येऊन जोरात श्वास सोडला तरी माझा काटा थरथरू लागतो. स्वभावच तसा, काय करणार!

एक म्हातारा कारागीर तीन आठवडे माझ्यावर खपत होता. मला विकत घेतलं ते ऐन पंचविशीतल्या एका औषधवाल्याने. त्याने दुकान नुकतंच थाटलं होतं. पहिल्याच वर्षी तिथे एक गोष्ट घडली. ती त्याला माहीत होती आणि मला. इतकी वर्षं मी ती पोटात ठेवली. सांगतो, पण जरा धीर धरा.

त्या काळी तयार गोळ्या कमी असत. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि औषधवाला पूड तोलून पुड्या बांधायचा. सकाळी अशी झुंबड उडायची की विचारू नका! पण त्याची एक रीत होती. पारड्यात पूड टाकली की तो दोन्ही हात पाठीमागे बांधायचा, श्वास सावकाश सोडायचा आणि काटा थांबेपर्यंत अवाक्षर काढायचा नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "अहो, आटपा की! बस चुकेल आमची." काटा थांबला की मगच तो म्हणायचा, "हं, आता बोला."

त्याची मुलगी शाळा सुटली की थेट दुकानात यायची. भारी धांदरट! दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे. बाप तिला घाईबाई म्हणायचा. तिलाही त्याने हात मागे बांधायला शिकवलं, पण तिचं सगळं लक्ष बाहेर खेळणाऱ्या मैत्रिणींकडे.

"थांबला, बाबा, थांबला!" ती खुशाल ठोकून द्यायची.

"कुठे थांबलाय? मला दिसतंय ना," तो हसत म्हणायचा.

किती सुखाचे दिवस होते ते! दुकान बंद करण्याआधी तो मला मऊ फडक्याने पुसायचा, पारडी उचलून फुंकर मारायचा. आजही ती फुंकर आठवली की मला भरून येतं.

मग तयार गोळ्यांची पाकिटं आली आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. एका पारड्यात रबरबँड, दुसऱ्यात पेनांची टोपणं. पितळ काळवंडलं, सांध्याला गंज चढला. औषधवाल्याची नजर अधू झाली. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहू लागला आणि सगळं दुकान घाईबाईच्या एकटीच्या अंगावर पडलं. फोन वाजतोय, माल घेऊन आलेला माणूस सहीसाठी ताटकळतोय, समोर दहा माणसं. तिचा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत जायचा. ती गिऱ्हाइकांवर वसकन ओरडायची आणि मग स्वतःच खजील व्हायची. मी वरून बघत होतो, पण माझ्या हातात काय होतं?

एके दिवशी भर दुपारी एक निवृत्त कंडक्टर पाकीट घेऊन परत आला.

"ताई, माझी रक्तदाबाची गोळी गुलाबी असते. ही पांढरी कशी?"

"कंपनीने रंग बदलला असेल हो, काका! गर्दी दिसत नाही का तुम्हाला?"

तो बिचारा ओशाळला. पण गेला नाही. पाकीट त्याने हळूच पुढे सरकवलं. तिने ते वाचलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. गोळी दुप्पट ताकदीची होती.

गोळी बदलून दिली, माफी मागितली, गिऱ्हाइकं गेली. तिने शटर अर्ध्यावर ओढलं आणि मटकन खाली बसली. "बाबा, मला नाही झेपत. मी दुकान विकते. उद्या कोणाचा तरी जीव जाईल माझ्या हातून."

बाप भिंतीला धरत उठला, चाचपत कपाटावरून त्याने मला खाली घेतलं. रबरबँड आणि टोपणं टेबलावर ओतली, मला सदऱ्याच्या टोकाने पुसलं. माझ्या एका पारड्यात वजन ठेवलं आणि दुसऱ्यात चमच्याने तेवढाच खाण्याचा सोडा टाकला.

"तोल."

"आत्ता? बाबा, माझे हात बघा कसे कापतायत!"

"मग बांध मागे."

तिने हात मागे बांधले. तिच्या हुंदक्यांनी माझा काटा नुसता नाचत होता. तेव्हा बापाने तीच पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली.

"ही सवय काही मी जन्मतः घेऊन आलो नव्हतो. असाच गर्दीचा दिवस होता. काटा हलत असतानाच मी वजन वाचलं. पुडीत औषध जास्त गेलं आणि एका बाईच्या तान्ह्या मुलाने दोन दिवस डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी उघडले, नशीब माझं! मीही दुकान विकायला निघालो होतो. मग हात मागे बांधायला लागलो."

ती ऐकत राहिली. तिचा श्वास लांबला. माझा काटा हळूहळू थांबला, पण गंजामुळे जरा डावीकडेच.

"बाबा, हा चुकीच्या जागी थांबलाय."

"थांबला ना? मग झालं तर. आता बोल."

मित्रांनो, आता औषधवाल्याची ती कोपऱ्यातली खुर्ची रिकामी असते. तिच्याकडे बघवत नाही मला. दुकान मात्र चालू आहे आणि मी टेबलावर आहे. तोलायच्या कामाचा मी राहिलो नाही. पण गर्दी अंगावर आली की घाईबाई बोटाने माझं पारडं हलवते, हात मागे बांधते, श्वास सोडते आणि मगच पाकीट वाचते. दुपारी डबाही उघडते.

परवा तो कंडक्टर आला होता. रांगेत मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, लवकर!" कंडक्टर मागे वळून म्हणाला, "थांबा जरा, काटा हलतोय अजून." आणि त्यानेही आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रोज पुसलं नाहीत तरी चालेल, पण माझ्या पारड्यांत रबरबँड टाकू नका. ती हलायला मोकळी असली, तरच थांबतील ना?