पोलादाला लावलेला कान

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तेलवाहू जहाजावर ड्रोन आदळलं. त्या आठवड्यातलं हे तिसरं जहाज. ज्या दोन देशांचं युद्ध चालू होतं, त्यांच्यापैकी एकाशीही या जहाजाचा संबंध नव्हता. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, पोटातलं एक्केचाळीस हजार टन डिझेल तिसऱ्याने चौथ्याला विकलेलं आणि खलाशी आणखी चार-पाच ठिकाणचे. दुपारी एका बाजूने 'लक्ष्य चुकलं' असा दोन ओळींचा खुलासा केला. पण ती नंतरची गोष्ट.

मदतीला निघालेली टग तिथे पोचली तेव्हा सव्वादहा झाले होते. मोठी जहाजं ओढणं, ढकलणं, जळत असली तर विझवणं हे टगचं काम. टगचा मिस्त्री इंजिनरूममधून वर आला, हात पुसायला फडकं काढलं आणि ते तसंच हातात धरून उभा राहिला. तीस वर्षं त्याने समुद्रावर काढली होती. पण पेटलेलं जहाज इतक्या जवळून तो पहिल्यांदाच पाहत होता.

समोर पोलादाची भिंत होती. मान मागे टाकल्याशिवाय तिचा वरचा काठ दिसत नव्हता. पाण्याच्या जरा वर, मागच्या बाजूला भोक पडलं होतं. दोन ट्रक शेजारी शेजारी आत गेले असते एवढं. कडांचा जाड पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा आत वळला होता. रंगाला ताटाएवढे फोड आले होते आणि लाट जिथे जहाजाच्या अंगाला लागत होती तिथे वाफ निघत होती. धुराचा खांब सरळ वर गेला होता. त्याच्या टोकाशी ढग तयार झाला होता आणि त्या ढगाची सावली टगवर पडली होती.

"बघून झालं असेल तर पंपाकडे बघा, मिस्त्री," टगचा कॅप्टन वरून म्हणाला. तो मिस्त्रीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि घाबरला की तिरकस बोलायचा.

जहाजावर बावीस माणसं होती. एकवीस जण जीवरक्षक बोटीतून सुटले होते आणि आता टगच्या मागच्या डेकवर घोंगड्या पांघरून बसले होते. त्यांच्या कॅप्टनचा पाय मोडला होता, त्यामुळे बोलायला चीफ ऑफिसर पुढे आला.

"आत कोण राहिलं?" टगच्या कॅप्टनने विचारलं.

"रेडिओ," चीफ ऑफिसर म्हणाला. "म्हणजे आमचा ऑइलर. यंत्रांचं तेलपाणी बघणारा. सगळे त्याला रेडिओ म्हणतात."

"शेवटचा कुठे दिसला?"

"साडेपाचला सुकाणूच्या खोलीत गेला होता, तिथलं यंत्र बघायला. ती पार शेवटी आहे, इंजिनच्या मागे. पण पाच-सात मिनिटांचं काम. पाच चाळीसला तो इंजिनरूममध्ये परतलेला असणार, आणि इंजिनरूम…" त्याने भोकाकडे नुसता हात केला.

"हाका मारल्या?"

"साहेब, वीस मिनिटं भोंगा वाजत होता. मेलेला उठून आला असता."

कॅप्टनने तापमान मोजायची बंदूक जहाजाच्या अंगावर रोखली. इंजिनरूम संपते आणि डिझेलची पहिली टाकी सुरू होते ती जागा. चौऱ्याण्णव अंश. पाच मिनिटांपूर्वी ब्याण्णव होते.

"एकशेतीसच्या वर गेलं की मी इथे थांबणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे बारापर्यंत वेळ आहे."

उपाय एकच होता आणि तो जहाजावरच होता. मागच्या डेकवरच्या एका खोलीत शंभरेक सिलिंडर उभे होते. हवा आत जायच्या सगळ्या वाटा बंद करायच्या आणि तो गॅस खाली सोडायचा. आगीला हवा मिळत नाही, आग मरते. आत माणूस असला तर तोही. इंजिनरूम आणि सुकाणूची खोली यांच्यामधली भिंत स्फोटाने वाकलेली असणार. गॅसला तेवढ्या फटी पुरेशा होत्या.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "गॅस सोडायच्या आधी मला पाच मिनिटं द्या. इंजिन बंद करून."

"इंजिन बंद? इथे? उद्या म्हणाल, चटई टाकतो, पडा जरा."

"ऐकून बघायचंय."

मिस्त्रीकडे दोन हात लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. यंत्रातलं बेअरिंग बिघडायला लागलं की जुने मिस्त्री त्याचं टोक यंत्राला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि आत काय चाललंय ते ऐकतात. आता हे मोजायला उपकरणं आली आहेत. टगवरही एक होतं, डब्यात.

कॅप्टनने घड्याळ पाहिलं. दहा सत्तेचाळीसला इंजिन बंद झालं.

सकाळपासून कानात भरलेला आवाज एकदम गेला आणि बसलेले एकवीसही जण उगाचच ताठ झाले. टग जहाजाच्या शेपटाला टेकून हळूहळू वर-खाली होत होती. मिस्त्रीने पत्र्याची त्यातल्या त्यात थंड जागा शोधली, तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ ओल्या फडक्यातून कानाला लावली आणि डोळे मिटले.

आधी समुद्र ऐकू आला. मग आग. लांबच्या मैदानात मोठी सभा चालू असावी तसा तिचा आवाज होता, चढणारा, उतरणारा. आणि त्याच्याही पलीकडे एक अतिशय संथ, जड हालचाल होती. ती कशाची हे कळायला त्याला वेळ लागला. एक्केचाळीस हजार टन डिझेल अंधारात या कुशीवरून त्या कुशीवर होत होतं. तापलेलं पोलाद मध्येच टणटण करत होतं, कुठेही, कसंही. एवढं मोठं काही आतून ऐकायची त्याला सवय नव्हती.

त्याने हातोडीने पत्र्यावर तीन ठोके मारले. थांबला. उत्तर नाही. पुन्हा तीन.

दहा पन्नासला आतून धप्प धप्प असे आवाज आले, एकामागून एक, बोथट. मग थांबले. त्याने लगेच तीन ठोके दिले. काही नाही. पुन्हा दिले. काही नाही.

"आहे कोणीतरी," तो म्हणाला.

"पोलाद तापलं की असंच वाजतं," चीफ ऑफिसर म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "मिस्त्री, आशा मलाही आहे. पण माणूस असता तर उत्तर दिलं असतं ना?"

कॅप्टनने मिस्त्रीकडे पाहिलं. "उत्तर दिलं?"

"नाही."

दहा बावन्नला इंजिन पुन्हा सुरू झालं. तापमान एकशेदोन. कॅप्टनने दोन माणसं शिडीने जहाजावर पाठवली, हवेच्या वाटा बंद करून गॅस सोडायची तयारी करायला.

मिस्त्री मागच्या डेकवर येऊन एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. शेजारी जहाजाचा आचारी होता, जाडजूड, पायात एकच बूट.

"काय झालं?" आचाऱ्याने विचारलं.

"काही नाही. ठोकून विचारलं, उत्तर आलं नाही."

"कोणाला विचारलंत?"

"तुमच्या रेडिओला."

"अहो मिस्त्री, त्याला कसं ऐकू जाणार? ठार बहिरा आहे तो. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी उभा राहून कान गेले त्याचे. म्हणून तर रेडिओ. रेडिओ बोलतो, ऐकतो का कधी?"

मिस्त्री झटकन त्याच्याकडे वळला.

"हे कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे," आचारी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला. जहाजावर दोन वर्षं सगळे त्याच्याशी खुणांनी, खांद्यावर थापट्या मारून बोलत होते. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की भोंगा वाजला तेव्हाही कोणाला आठवलं नाही.

"घड्याळ घालतो का तो?"

"घड्याळ? चहाला अर्धा मिनिट उशीर झाला तर मनगट माझ्या नाकासमोर धरतो."

मिस्त्री उठला होता. गुडघ्याची नेहमीची तक्रार न करता तो शिडी चढून कॅप्टनपाशी गेला.

"साहेब, पुन्हा इंजिन बंद करा. आत्ता नको. अकरा दहाला."

"अकरा दहालाच का?"

"मघाशी आवाज आला तेव्हा काटा बरोबर दहा पन्नासवर होता. तो माणूस बहिरा आहे, साहेब. उत्तर देत नाही, आपलं आपलं ठोकतोय. मला वाटतं, घड्याळ बघून ठोकतोय, दर दहा नाहीतर वीस मिनिटांनी."

"वाटतं."

"हो. वाटतं."

त्याच वेळी वायरलेसवर नौदलाचा इशारा आला. आणखी दोन ड्रोन निघाल्याचा संशय, वीस मैलांच्या आतल्या सर्व बोटींनी ताबडतोब बाहेर जावं. कॅप्टनने तो पूर्ण ऐकला, लॉगबुकात वेळ लिहिली, आवाज कमी केला.

"तापमान एकशेआठ आहे," तो म्हणाला. "तुमच्या वाटण्यावर मी बत्तीस माणसं दावणीला बांधतोय, मिस्त्री. चुकलात तर बोलायला मी नसेन एवढंच."

अकरा नऊला इंजिन बंद झालं. या वेळी कॅप्टन स्वतः खाली आला. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "तुम्हीच ऐका. माझ्यावर नको."

कॅप्टनने मूठ कानाला लावली. पहिल्या काही सेकंदांत त्याचा चेहरा बदलला. त्यालाही ते आतलं सगळं ऐकू येत असणार. त्याच्या दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला.

मागे बसलेल्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांना फक्त कॅप्टनची बोटं दिसली. एक बोट उघडलं. दुसरं. तिसरं. पाच झाल्यावर मूठ मिटली आणि पुन्हा एक, दोन. आचाऱ्याने शेजारच्याचा दंड घट्ट धरला. दहाव्या बोटाला कॅप्टन थांबला. काही वेळ तसाच ऐकत राहिला.

"दहा," तो म्हणाला. "थांबला."

"पोलाद…" चीफ ऑफिसर म्हणाला.

"पोलाद घड्याळ बघत नाही," कॅप्टन म्हणाला आणि पळतच वर गेला, गॅसवाल्यांना थांबवायला.

सुकाणूच्या खोलीतून वर यायला एक उभी विहीर होती. आत लोखंडी शिडी, तळाशी दार, वर डेकवर झाकण. त्या झाकणावर सामान उचलायच्या क्रेनचा हात मोडून आडवा पडला होता. म्हणूनच आतल्या माणसाला ते उघडता आलं नव्हतं. मिस्त्री, चीफ ऑफिसर आणि टगवरचे दोघे जहाजावर चढले. टगने त्यांच्यावर पाण्याचा पडदा धरला. तरी बुटांचे तळवे मऊ पडले. साखळीची कप्पी लावून ते क्रेनचा हात बोटबोट सरकवत होते. चीफ ऑफिसर साखळी ओढत होता. हात सोलले तरी त्याने ती दुसऱ्याला दिली नाही.

खालून कॅप्टन दर पाच मिनिटांनी आकडा ओरडत होता. एकशेचौदा. एकशेसतरा. एकशेबावीस.

अकरा शेहेचाळीसला झाकण उघडलं. विहिरीत धूर होता, पण विरळ. मिस्त्री मुखवटा लावून शिडी उतरला. तळाचं दार गरम होतं, तरी हाताला सोसवत होतं. त्याने खांद्याने ते ढकललं.

आत बॅटरीवरचा एक पिवळा दिवा जळत होता. समोर सुकाणू फिरवणारं यंत्र होतं, खोलीएवढं. वाकलेल्या भिंतीच्या प्रत्येक फटीत तेल पुसायच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या आणि त्या ओल्या केल्या होत्या. एकही फट सुटली नव्हती. आणि दाराकडे पाठ करून, कमरेपर्यंत उघडा, पांढऱ्या केसांचा एक किरकोळ म्हातारा उभा होता. डावं मनगट डोळ्यांसमोर. उजव्या हातात मोठा घण, त्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली. चिंधी लाल झाली होती.

मिस्त्री दोन पावलं पुढे गेला. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता.

अकरा पन्नास झाले. म्हाताऱ्याने घण उचलला आणि जहाजाच्या कण्यावर घातला.

सहा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी एक धरली तर ही छत्तिसावी खेप होती. त्यातल्या कितीतरी खेपांना आसपास कित्येक मैल माणूस नव्हता. प्रत्येक घाव पहिल्यासारखाच होता, ना घाई, ना जोर कमी. मिस्त्रीने हात लांब केला आणि तो हवेतच राहिला. आग मागे होती, आकडा वर चढत होता, तरी त्याला त्या माणसाला मध्येच थांबवायचा धीर झाला नाही. सात. आठ. नऊ. दहा.

घण खाली आला. मिस्त्रीने खांद्यावर हात ठेवला.

म्हातारा फूटभर उडाला. गर्रकन वळला. "अरे हाक तरी मारायची की नाही, माणसा!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की वर झाकणापाशी सगळ्यांना ऐकू गेलं. चीफ ऑफिसरने तेव्हा कुठे हातातली साखळी सोडली.

अकरा अठ्ठावन्नला गॅस सोडला. तेव्हा तापमान एकशेअठ्ठावीस होतं. ते आणखी एक अंश चढलं, तिथे बराच वेळ थबकलं आणि मग उतरायला लागलं. धुराचा खांब बारीक होत गेला. टगवर सगळे उभे राहून वर बघत होते, फक्त रेडिओ बसला होता. तो तिसरा पेला पाणी पीत होता. आचारी त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याने जहाजाकडे बोट दाखवलं, मग सगळ्यांकडे, मग हात हलवून लांब जायची खूण केली आणि मनगटावर सहाचा आकडा दाखवला. आम्ही सहालाच गेलो होतो. मग हाताने घण मारल्यासारखं केलं आणि पंजा उलटा फिरवला. कोणासाठी ठोकत होतास?

रेडिओने जमलेल्या एकवीस तोंडांकडे एकेक करून पाहिलं. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"गेला होतात?" तो ओरडला. "मला कुठे ऐकू आलं!"

चीफ ऑफिसरने मान खाली घातली. रेडिओने त्याच्यापुढे पेला धरला आणि आणखी पाणी मागितलं.