चेंडू पत्र्यावर गेला तर?

अवधूत कर्णिकच्या मंचावर त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त कोणी बोललं असेल, तर ती जेसिका. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कमरेवरच्या नो-बॉलचं भांडण ऐन रंगात आलेलं असताना ती मध्येच घुसली आणि केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात टाकून गेली. तिच्यामागून तिच्या बहिणी आल्या, मेव्हणे आले. कुणी घरबसल्या कर्ज देत होतं, कुणी वजन उतरवून देत होतं. हाडामांसाचं त्यातलं एकही नव्हतं. सगळी यंत्रं. रांगेत उभी राहून सभासद होत होती.

मंचाचं नाव 'टप्पा'. भिवंडी तालुक्यातल्या टेनिस-बॉल क्रिकेटवर मनसोक्त भांडायची इंटरनेटवरची जागा. अवधूत नारपोलीतल्या एका शाळेत कारकून, पण उभा तालुका त्याला ओळखायचा तो अंपायर म्हणून. मग गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी मैदानावर उभं राहायची बंदी घातली आणि हा माणूस घरात इतका गप्प झाला, की त्याच्या बायकोला, आसावरीला, भीती वाटायला लागली. त्या गप्पपणातून 'टप्पा' निघाला. मैदानावर न मिटलेली भांडणं लोक इथं आणत, अवधूत दोन्ही बाजू वाचून निकाल देई. निकाल कुणी मानत नसे, पण विचारल्याशिवाय कुणाला चैनही पडत नसे. अंपायरला आणखी काय हवं?

आणि आता, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर 'टप्पा' भाड्याने राहत होता, तिचं पत्र आलं होतं. तुमच्याकडून जाहिरातींचा कचरा पसरतोय, महिनाअखेरपर्यंत थांबवा, नाहीतर जागा बंद.

"एकदा मैदान गेलं," अवधूत आसावरीला म्हणाला, "आता हेही जाणार. मग मी काय करू? गॅलरीत बसून कबुतरांना रनआऊट देऊ?"

हातपाय हलवायला त्याने कमी केलं नव्हतं. आधी 'मी रोबो नाही' अशी चौकट ठेवली. रोबोंनी त्यावर बिनदिक्कत टिचकी मारली. खोटं बोलायला त्यांची जीभ थोडीच अडखळते! मग चित्रं ठेवली, यातले सिग्नल ओळखा म्हणून. यंत्रं पटापट पास झाली आणि आपली माणसं धडाधड नापास. भिवंडीत गाडी चालवणाऱ्याला सिग्नल ओळखायला सांगायचं म्हणजे अन्यायच.

शेवटी त्याला एक कल्पना सुचली आणि तो स्वतःवरच खूश झाला. प्रश्न असा हवा, जो फक्त आपल्या मातीतल्या माणसालाच सुटेल. त्याने नोंदणीच्या दारातच विचारलं: चेंडू थेट पत्र्यावर गेला तर काय? आणि यंत्राला उत्तर देऊन ठेवलं: आऊट.

यात विचारण्यासारखं काय आहे, असं अवधूतला प्रामाणिकपणे वाटत होतं. नारपोलीत मैदानं चिंचोळी आणि चहूकडे पत्रे, कारखान्यांचे नाहीतर चाळींचे. पत्र्यावर चेंडू वाजला की आतून कुणीतरी बोंबलत बाहेर येणार आणि खेळ थांबणार. म्हणून पत्रा म्हणजे आऊट. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं.

उपाय लागू पडला. जेसिका गेली, तिचं गणगोत गेलं. अवधूतने त्या आनंदात स्वतः चहा केला, आसावरीला आणून दिला आणि ओट्यावर साखर सांडून ठेवली.

"माणसंही येईनाशी झालीत की काय?" आसावरीने मंच चाळत विचारलं.

"येतील गं. सुगी चालू असेल."

सुगी चालू नव्हती. रविवारी दिघाशीहून नवशा पाटील आला, तो चपला काढायच्या आधीच बोलायला लागला. नवशा भातशेती करायचा, दिघाशीच्या टीमचा जुना कॅप्टन, आणि अवधूतशी त्याचं भांडण लग्नाआधीपासूनचं, म्हणजे मैत्रीही तेवढीच जुनी.

"अंपायर, तुझा डोका ठिकाणाव हाय ना? आमची पोरा कवाधरना तुझे टप्प्याव नाव टाकतान. तुझा मशीन बोलतं, उत्तर चूक. पत्र्याव बॉल गेला त सिक्स! यान चूक काय हाय?"

"आऊट," अवधूत म्हणाला.

"कोन बोलला?"

"कोण म्हणजे? नियमच आहे."

"नारपोलीचा नियम! आमचे गावाला यक पत्रा, तो बी शाळेचा, पार लांब. तिथं बॉल पोचवला त पोराला खांद्याव घेतान. आनी राहनालचा कुमार बोलतं, त्यांचे गोडाऊनच्या पत्र्याला दोन रन. तो बी भायेरच हाय."

अवधूतचा चेहरा उतरला, पण हार मानली तर तो अंपायर कसला! "अरे, पण मी नारपोलीचा आहे हे तुला ठाऊक होतं ना? पोरांना आऊट लिहायला सांगायचंस. आत येऊन मग हवं तेवढं भांडायचं."

नवशाने आसावरीने दिलेला कप तसाच खाली ठेवला. "म्हंजे आत याचेसाठी खोटा लिवू? मी न्हाय लिवनार. माझी पोरा बी न्हाय लिवनार."

अवधूतला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. नेमक्या त्याच वेळी हातातला फोन वाजला. जेसिका परत आली होती. कुठंतरी बसलेल्या कुणा महाभागाने उत्तर शोधून काढलं होतं आणि जेसिकाला एकदा 'आऊट' शिकवून ठेवलं होतं. आता ती पाठ केलेला पाढा म्हणत झुंडीने आत शिरत होती. दिघाशीची खरी पोरं बाहेर, तेलवाल्या आत. कंपनीचं दुसरं पत्रही येऊन पडलं, ही शेवटची सूचना म्हणून.

"संपलं," अवधूत म्हणाला. नवशाने खाली ठेवलेला कप पुन्हा हातात घेतला. मित्राचा मंच बुडवायला तो आला नव्हता.

आसावरी शाळेत सातवीला शिकवायची. क्रिकेटशी तिचा संबंध फक्त मळलेल्या पांढऱ्या पँटींपुरता आला होता. ती दोघांकडे बघून हसायला लागली. "माझ्या वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाला सांगा, बाळा, उत्तर चूक आहे. तो मुकाट्याने दुसरं उत्तर लिहितो, त्याचं काय जातंय? पण ज्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलंय, तो पेपर घेऊन माझ्या टेबलापर्यंत भांडायला येतो. अहो, उत्तर कसलं तपासताय? भांडण तपासा!"

अवधूतने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला लाजायला झालं.

त्याने दार नव्याने बांधलं. प्रश्न तोच. मात्र आता कुणी काहीही लिहिलं, तरी यंत्र म्हणणार, तुमचं उत्तर चूक आहे. आणि खाली एक रिकामी चौकट: काही म्हणायचंय? त्या चौकटीत येईल ते अवधूत स्वतः वाचणार आणि मगच आत घेणार.

जेसिकाने 'आऊट' लिहिलं. चूक. लगेच 'सिक्स'. चूक. 'दोन रन'. चूक. मग चौकटीत लिहिलं, खूप छान माहिती, धन्यवाद. अवधूतने तिला आनंदाने हाकललं.

माणसं मात्र पेटली. दिघाशीच्या एका पोराने लिहिलं, हिंमत असेल तर शाळेच्या पत्र्यापर्यंत मारून दाखवा. राहनाळच्या कुमारने गोडाऊनचा नकाशाच लिहून काढला, कुठून कुठे किती पावलं, सगळं. नारपोलीचा एकजण तर फारच दुखावला: 'अहो कर्णिक, तुम्हीच मला याच पत्र्यावर आऊट दिलंत, अर्ध्या सामन्यातून घालवलंत, आणि आज म्हणता चूक?' अवधूत जेवताना मोठमोठ्याने वाचून दाखवायचा आणि हसता हसता त्याला ठसका लागायचा. महिना संपायच्या आत कंपनीने कळवलं, तक्रार मिटली, जागा तुमचीच. ते पत्र त्याने तीनदा वाचलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक अर्ज आला. नाव, पुतळाबाई. राहणार नारपोली, मैदानाशेजारची चाळ. टाइप करणार, नात हेमाली. पत्र्याच्या प्रश्नाला उत्तर होतं: 'बॉल माझा.' यंत्राने रीतसर सांगितलं, चूक. आणि खालची चौकट काठोकाठ भरली होती.

'चूक कसा? पत्रा माझा हाय. भोका माझे पत्र्याला परतान, पानी माझे चुलीत येतं. तुमी आऊट बोलतान, सिक्स बोलतान न घरी जातान. पत्र्याखाली कोन रव्हतं, यक मानूस इचाराला आला न्हाय. कोन अंपायर हाय त्याला सांगा, निकाल दे.'

अवधूतचं हसू थांबलं. हयातभर त्या पत्र्यावर बोट वर करत आला होता तो. पत्र्याखाली कोण राहतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला मनापासून शरम वाटली, आणि मग गंमत अशी की फार बरंही वाटलं. असा पेच त्याच्यासमोर पूर्वी कधी आलाच नव्हता.

त्याने पुतळाबाईंना आत घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असा निकाल लिहिला: 'अपील मान्य. पत्र्यावर गेलेला चेंडू पुतळाबाईंचा. फलंदाज आऊट की सिक्स ते नंतर. ज्याने मारला, त्याच्या टीमने आधी पत्रा दुरुस्त करून द्यावा.'

पाठोपाठ नवशाचा संदेश आला: 'न्हाय मान्य!' मग राहनाळचा. मग पुतळाबाईंचा, दोघांनाही झापणारा. मग एकदम इतके, की पडदा सरकता सरकेना.

"अहो, पानं वाढलीत," आतून आसावरीने हाक मारली.

"तू बस जेवायला," अवधूतने चष्मा पुसत सांगितलं, "मी मैदानावर आहे."