विठू सांगत नाही

मिरकरवाड्याच्या बंदरावर विठू मयेकरने बावीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारला. त्याचा आवाज असा, की इथे त्याने सुरमईचा भाव फोडला की तिकडे भाट्याच्या पुलावर रिक्षा थांबायच्या. हे विठूच सांगायचा, पण इतक्या मोठ्याने सांगायचा की खोटं म्हणायला कुणी धजत नसे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, ओल्या फरशीवर उभं राहणं जमेना. तेव्हा बर्फाच्या कारखान्यासमोरच्या माडीवर जो दवाखाना होता, तिथल्या काउंटरवर तो बसला. केसपेपर काढायचे, पेशंटला आत सोडायचं, संध्याकाळी कागद फायलींत लावायचे. आवाज तेवढा बंदरावर ठेवायचा राहून गेला.

“मूळव्याध कोण? आत या! जुलाब, तुम्ही मागून. नवे जुलाब थांबा, आधी जुने जुलाब!”

म्हातारे डॉक्टर कानाने कमी होते, त्यांना हे सगळं कुजबुजल्यासारखं वाटायचं. खाली बर्फ भरणाऱ्यांना मात्र कुणाची साखर किती, हे पेशंटच्या आधी कळायचं.

तीन वर्षांमागे डॉक्टरांच्या मुलीने, मनस्विनीने, दवाखाना हातात घेतला. पहिल्याच दिवशी तिने दुपारी वडापाव मागवला, तर तो कुणाच्या तरी शौचाच्या तपासणीच्या कागदात बांधून आला. कागद याच दवाखान्याचा, रद्दीत गेलेला. नाव अगदी स्पष्ट वाचता येत होतं. तिने वडापाव खाल्ला नाही. विठूने खाल्ला, आणि म्हणाला, “बरा झालाय तो आता.”

“विठूकाका,” मनस्विनी म्हणाली, “हे आजपासून बंद.”

“वडापाव?”

“सगळं.”

तिने नियम सांगितले. पेशंटची माहिती पेशंटची. त्याने मागितली तर त्याला द्यायची. पुढच्या डॉक्टरकडे पाठवलं तर त्या डॉक्टरला, लागेल तेवढीच. काही आजारांची खबर कायद्याने सरकारला द्यावी लागते, ती सरकारला. बाकी कुणालाही पेशंटच्या सहीशिवाय नाही. फायली कुलपात, जुने कागद यंत्रात घालून चिंधी चिंधी.

“आणि शेजारीपाजारी?”

“नाही.”

“विचारलं तर काय सांगू?”

“सांगत नाही, असं सांगायचं.”

विठूने हे दोन दिवस उलटंपालटं करून पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला एकदम उमगलं. लिलावात हेच तर तो करत आला होता! कुठला व्यापारी कुठल्या भावापर्यंत चढणार, हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं, आणि बावीस वर्षांत त्याने ते एकाचं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. आवाज मोठा होता, तोंड फाटकं नव्हतं. नुसता हा फरक आजवर कुणी त्याच्या लक्षात आणून दिला नव्हता.

आता आजाराऐवजी काय पुकारायचं? मनस्विनीने नंबर दिले. विठूने खणखणीत आवाजात “सतरा!” म्हटलं. बाकावर सगळे बंदरातलेच बसलेले. एकाने सवयीने हात वर केला, “अठरा!” दुसरा म्हणाला, “एकोणीस!” खिडकीजवळच्या बाईने वीस म्हटल्यावर कुणी पुढे जाईना, आणि विठूनेही सवयीने टेबलावर थाप मारून तिला आत सोडली. ती नुसती सासूबरोबर आली होती.

नंबर बंद झाले. मग विठूने स्वतःच्या डोक्याने माशांच्या नावांच्या पाट्या केल्या. आलेल्या माणसाने पेटीत हात घालून एक पाटी उचलायची. “सुरमई, आत!” म्हटलं की सुरमई आत. कोण सुरमई, तिला काय झालंय, हे बाकाला कळायचं कारण नाही. यावर फक्त दोन भांडणं झाली. एक, मोठ्या ट्रॉलरच्या मालकाला बोटाएवढी मांदेली आली म्हणून. दुसरं श्रीपती गुरुजींचं. ते निवृत्त मुख्याध्यापक, जन्माचे शाकाहारी. त्यांनी स्वतःसाठी ‘हापूस’ अशी वेगळी पाटी लिहून आणली. विठूने ती परत केली. “गुरुजी, एकच हापूस असला तर सगळ्यांना कळेल ना आत कोण गेलं ते.” गुरुजींना मुद्दा पटला. ते डोळे मिटून बोंबील म्हणून आत गेले.

अशी तीन वर्षं गेली. मग राजश्रीआक्काने विचारलं.

राजश्री विठूची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ती बारा. तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. विठूने लग्न केलं नाही, भावोजी वारल्यावर तो तिच्याच शेजारच्या खोलीत राहायला आला, आणि रोज दुपारी तिचा डबा दवाखान्यात यायचा. तिची एकुलती एक मुलगी सानिका. तिला आता स्थळ आलं होतं स्वरूपचं. मूळचा राजापूरकडचा, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, हात काळे, बोलणं गोरं. रविवारी सुपारी फुटायची होती.

सोमवारी आक्का विठूच्या दारात उभी. “मेल्या, तो स्वरूप दोन वर्षांमागे सहा महिने तुमच्या दवाखान्याचे जिने चढत होता म्हणे. शेजारच्या शमिकाच्या आईने बघितलंय. काय झालेलं त्याला?”

विठूला माहीत होतं. ते कागद त्यानेच फायलीत लावले होते.

“आक्का, मी सांगत नाय.”

“म्हणजे वाईट हाय?”

“सांगत नाय.”

“म्हणजे चांगलं हाय?”

“सांगत नाय.”

“काय नव्हतंच, असं तरी म्हण!”

विठूने मनात हिशेब केला. ‘काळजी करू नको’ एवढे तीन शब्द टाकले असते तर हे इथेच मिटलं असतं. पण चांगला माल आला की जो लिलाववाला हसतो, त्याच्या न हसण्याचाही व्यापारी भाव लावतात. आज एकासाठी ‘काय नाय’ म्हटलं, की उद्या दुसऱ्यासाठी गप्प राहिल्यावर अख्खं बंदर समजून जाणार.

“आक्का, तो कधी दवाखान्यात आलेला की नाय, तेपण मी सांगत नाय.”

“अरे, शमिकाच्या आईने बघितलंय!”

“मग तिला विचार.”

आक्काने पदर खोचला. “ह्या हातांनी तुला वाढवला. माझ्या पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि तू मला कायदा शिकवतोस? रविवारपर्यंत बोल. नायतर मी राजापूरकरांना नकार कळवते, आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.”

म्हणजे एका बाजूला भाचीचं लग्न आणि आईसारखी बहीण, दुसऱ्या बाजूला कुलपातला एक कागद. विठू रात्रभर झोपला नाही असं म्हणायला हरकत नव्हती, पण तो झोपला. सकाळी उठल्यावर मात्र त्याला पहिलं तेच आठवलं.

मंगळवारी डब्यात मासे नव्हते. बुधवारी कालवण नव्हतं. गुरुवारी नुसती भाकरी, तीही कालची. शुक्रवारी डबा आला, वजनाला हलका. विठूने उघडला. चारी पुडं घासूनपुसून लख्ख, रिकामी. सर्वांत खालच्यात तेवढी एक मिठाची खडी होती. म्हणजे ‘खाल्ल्या मिठाला जाग’.

मनस्विनीने ते पाहिलं. “काका, मी बोलू का त्यांच्याशी?”

“काय बोलणार, बाई? तुम्हीपण ‘सांगत नाही’ म्हणणार. मग तुमचापण डबा बंद होईल.”

“तुम्ही त्या मुलाला तरी सांगा ना, बहीण विचारतेय म्हणून.”

“तेवढं सांगितलं, कालच. आक्का विचारते, ही काय कुलपातली माहिती नाय.” विठूने मिठाची खडी जिभेवर ठेवली. “तो बोलला, रविवारी बघू.”

शनिवारी आक्का स्वतःच दवाखान्यात आली. पेटीत हात घातला नाही, पाटी उचलली नाही. सरळ काउंटरवर कोपरं टेकली. बाकावरच्यांनी एकदम कान टवकारले, भावाचं नि बहिणीचं काय चाललंय ते वाडीला माहीत होतं.

“दुसऱ्याचं नाय ना सांगत? मग माझं सांग. माझी फाईल काढ.”

“ओळखपत्र?”

बाकावर कुणीतरी खोकलं.

“माझं? तू माझं ओळखपत्र मागतोस? तुझं नाक पुसलंय मी!”

“आक्का, नाक पुसल्याची नोंद नाय आपल्याकडे.”

तिने कंबरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून आपटलं. विठूने फोटो पाहिला, आक्काकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. मग अर्ज पुढे केला. नाव, तारीख, सही. तिने रागाने अशी सही केली की खालच्या दोन अर्जांवरही उमटली. विठूने कुलूप काढलं, तिची फाईल आणली, आणि बाकाकडे पाठ करून, उघडी न करता, तिच्या हातात दिली.

आक्काने कोपऱ्यात जाऊन ती उघडली. चार महिन्यांचे कागद. ती चार महिने इथे येत होती, कधी बांगडा म्हणून, कधी तारली म्हणून. सानिकाला देवळात जाते म्हणून सांगायची. ती बराच वेळ वाचत राहिली. मग परत काउंटरवर आली, आवाज खाली उतरलेला.

“विठू, तू हे कुणाला बोललास?”

“काय?”

“मला काय झालंय ते.”

“तुला काय झालंय, ते मी सांगत नाय.”

“अरे, मलाच!”

“फाईल दिलीय ना.”

आक्काने फाईल मिटली. चार महिने शमिकाच्या आईने एकदाही ‘तब्येत कशीय’ म्हणून विचारलं नव्हतं. आक्काला त्याचा रागच आला होता. शेजाऱ्यांना आपली काही पडलेली नाही, असं तिने मनात धरलं होतं. आत्ता तिला कळलं की त्यांना पडलेली होती, कळलेलं नव्हतं. ज्या वाडीत कुणाच्या घरी किती पापड लाटले हे मोजलं जातं, तिथे तिचं दुखणं चार महिने एका माणसाच्या पोटात राहिलं होतं. आणि तो माणूस गेले चार दिवस अर्धपोटी होता.

तिने फाईल परत दिली. “नीट ठेव,” म्हणाली, आणि जिना उतरली.

तासाभराने डबा आला. सुरमईची तुकडी, कालवण, भात, सोलकढी. वर चिठ्ठी होती: ‘तुला विचारणार नाय. त्यालाच विचारते.’

रविवारी सकाळी आक्काच्या दारातल्या मांडवात राजापूरकडची मंडळी आली. सुपारी ताटात होती, फुटायची बाकी. आक्का सगळ्यांसमोर स्वरूपला म्हणाली, “बाबा, माझ्या मनात एक आहे. तुझ्या पाठीमागे चार ठिकाणी विचारलं, हे माझं चुकलं. आता तोंडावर विचारते. सांगायचं तर सांग.”

स्वरूपने खिशातून लिफाफा काढला. “काल संध्याकाळी सही करून मीच घेऊन आलो. मामांनी माझंपण ओळखपत्र मागितलं. मी त्यांना रोज बंदरावर भेटतो.”

आक्काने चष्मा लावून कागद वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

“एवढंच?”

“एवढंच. बरं होऊनपण दीड वर्ष झालं.”

त्या कागदात काय होतं, ते स्वरूपने सांगितलं नाही आणि आक्कानेही पुढे कुणाला सांगितलं नाही. तेव्हा ते इथेही नाही.

“आई, पण मला माहीत होतं,” सानिका आतून चहाचा ट्रे घेऊन येत म्हणाली. “त्याने पहिल्याच भेटीत सांगितलेलं.”

“आणि तू आठवडाभर गप्प बसलीस? मी तुझ्या मामाला उपाशी मारला!”

“तू मला विचारलंसच नाहीस. आणि विचारलं असतंस तरी ते त्याचं होतं. त्याने सांगायचं.”

विठू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बावीस वर्षं लिलावात कधी न हललेला चेहरा त्याने तसाच ठेवायचा फार प्रयत्न केला. पण भाची घराण्यावर गेली होती, आणि घराणं म्हणजे तो. त्याला ते लपवता आलं नाही.

सुपारी फुटली. त्यानंतर आक्का जी सुटली, ती सुटली. येईल त्या पाहुण्याचा हात धरून विठूसमोर उभा करायची. “हा माझा भाऊ. ह्याला काहीपण विचारा. विचाराच तुम्ही!”

राजापूरचे काका म्हणाले, “काय हो, ह्या वाडीत कुणाला साखर आहे का?”

“सांगत नाय,” विठू म्हणाला.

“बघा!” आक्काने टाळी वाजवली.

हे पाहून दुसरे आले. मग रांगच लागली. शमिकाच्या आईने स्वतःच्या नवऱ्याचं विचारलं, श्रीपती गुरुजींनी ट्रॉलरवाल्याचं विचारलं, एका आजींनी स्वतःचंच विचारलं. प्रत्येकाला विठूने छाती पुढे काढून तितक्याच अदबीने नकार दिला, आणि प्रत्येक जण काहीतरी मिळाल्यासारखा समाधानाने बाजूला झाला. मनस्विनी कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे बघत होती. नियम तिने सांगितले होते, पण त्यांची अशी जत्रा भरेल हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

शेवटी राजापूरचे काका परत रांगेत आले. “बरं, जेवायला काय आहे, एवढं तरी सांगाल?”

विठूने आक्काकडे पाहिलं. “सांगू?”

“सांग. माझी परवानगी हाय.”

“सही?”

“विठू!”

मग आठवडाभर कोंडलेला आवाज त्याने मोकळा सोडला. बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू जाईल अशी ललकारी दिली:

“सुरमई!”

मांडवातले अकरा जण दवाखान्याच्या सवयीने चपला शोधत उठून उभे राहिले.